दुपारी नवं, सकाळी जुनं

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ई-मेलनं येतंय म्हणून याला निरोप समजू नकोस, हे पत्र आहे. वर तारीख आहे, मायना आहे, खाली सहीही करीन. फोनच करणार होतो, पण फोन कानाला लावला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मला फक्त तीच ऐकू येते. तुझी मामी मध्ये बसून दुभाषाचं काम करायला तयार नाही. ‘मशीनचं खातं तुमचं, मला त्यात ओढू नका,’ म्हणते.

तर काम असं आहे. आपल्या अक्षरजुळणीच्या दुकानात आता मोठं काम एकच उरलंय, गणिताची पाठ्यपुस्तकं. बाकी पावतीपुस्तकं आणि व्हिजिटिंग कार्डं, म्हणजे चहापाण्यापुरतं. प्रकाशनाच्या संपादकबाईंनी कळवलंय की यापुढे पानं जुळणीच्या सॉफ्टवेअरच्या यंदाच्या व्हर्जनमध्ये जुळवलेलीच घेणार. आपली पानं जुन्यातली असतात, त्यांच्याकडे उघडली की अपूर्णांकांच्या रेघा सरकतात आणि वरचा आकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे जातो. एक प्रकरण नमुन्यादाखल नव्यात जुळवून या महिनाअखेरपर्यंत पाठवायचं, नाहीतर पुस्तकं दुसऱ्या कुणाकडे. बाई बोलायला गोड आहेत, पण शब्दाला पक्क्या. पुस्तकं गेली तर दुकान गेलं, हे तुला वेगळं सांगायला नको.

हे सॉफ्टवेअर तू कॉलेजात असताना, आमच्याकडे राहायला होतीस तेव्हा बसवलंस. त्यानंतर मी त्याला बोट लावलेलं नाही. चालतंय तोवर खाजवू नये, हा माझा नियम. आता खाजवायची वेळ आली आहे. कुठून सुरुवात करू ते लिही. तिथं तू लोकांची मशीनं सांभाळतेस, मामाचंही एक सांभाळ.

तुझा,
मामा

४ फेब्रुवारी

ती. मामांस सादर नमस्कार.

पत्र वाचून मजा वाटली. किती दिवसांनी कुणी मला ‘चि.’ म्हटलं!

काळजी करू नका, अवघड काही नाही. या सॉफ्टवेअरचं दरवर्षी नवं व्हर्जन येतं. तुमचं इतकं जुनं आहे की त्याला ठिगळं लावून भागणार नाही, अख्खं नवं उतरवावं लागेल. सोबत एक-एक पायरी लिहून दिली आहे. जुन्याच्या जागीच नवं बसेल, तुमची पानं वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, त्यांना धक्का लागणार नाही. तुमचं नेट धिमं आहे तेव्हा सकाळी लावा आणि दिवसभर त्याला त्रास देऊ नका. शेवटी ‘आपली प्रत अद्ययावत आहे’ असं येईल आणि वर यंदाचं साल दिसेल. ते दिसलं की झालं.

मी मजेत आहे. ऑफिसात दिवसभर लोक मला मशीन बंद पडलं की बोलावतात, चालू झालं की विसरतात. मामीला नमस्कार.

तुमची,
भिंगरी

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तू सांगितलंस तस्संच केलं. सकाळी लावलं, संध्याकाळपर्यंत ती निळी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. मी समोर बसून राहिलो, दूध उतू जाईल की काय अशा थाटात. शेवटी अद्ययावत की काय ते आलं, वर यंदाचं साल आलं. मी मनातल्या मनात तुझी पाठ थोपटली आणि नेहमीसारखा पावत्यांची छापील पानं घेऊन बाइंडरकडे गेलो. तिथून परस्पर घरी.

दुसऱ्या दिवशी प्रकरण जुळवलं आणि पाठवलं. काल बाईंचं उत्तर आलं, ‘आपण पुन्हा जुन्या व्हर्जनमधलीच फाइल पाठवली आहे.’ मला वाटलं बाईंची काहीतरी गफलत आहे. उघडून बघतो तर वर जुनंच साल! पहिले पाढे पंचावन्न.

मी नवं बसवलं होतं गं. या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते गेलं कुठे?

मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

गोंधळून जाऊ नका, हे पुष्कळदा होतं. एकाच मशीनवर दोन प्रती बसलेल्या असतात. तुम्ही नवी केलीत एक, आणि पानं जुळवताय दुसरीत. माझ्या ऑफिसात एक साहेब महिनाभर असंच करत होते आणि दोष मला देत होते. शोधायचं कसं ते खाली लिहिलं आहे. दोन सापडल्या तर जुनी काढून टाका.

रविवारी मी रिकामीच आहे, केव्हाही लिहा. खरं तर शनिवारीही.

भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

शोधलं. प्रत एकच आहे. दुसरी नाही, तिसरी नाही, कोपऱ्यात लपलेली चौथीही नाही. त्या एकाच प्रतीवर पुन्हा सगळी पूजा मांडली. दिवसभर पट्टी सरकली, संध्याकाळी नवं साल आलं. सकाळी येऊन बघतो तर जुनं. परत केलं. संध्याकाळी नवं, सकाळी जुनं. काल तर दुपारीच उतरून झालं, घाईघाईनं एक पान जुळवलं, ते झकास नव्यात आलं, अपूर्णांक कसे शिस्तीत उभे. उरलेलं प्रकरण आज करू म्हटलं, तर आज पुन्हा जुनं. भिंगरे, दुपारी नवं आणि सकाळी जुनं होणारी वस्तू मी आयुष्यात पाहिलेली नाही. माणसं उलट होतात, सकाळी ताजी आणि दुपारी शिळी.

शेजारच्या चष्मेवाल्याचं नेट आपण वाटून घेतो, त्याला विचारलं तुमच्याकडून काही परत ओढलं जातं का. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्म्याचा नंबर वाढलाय का तेवढं विचारून परत आलो.

एक कर, मामीला यातलं काही सांगू नकोस. मी विसरभोळा झालोय असं ती आधीच म्हणते, तिच्या हाती आणखी कोलीत नको.

मामा

१४ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

मी पण चक्रावले आहे. काल रात्रभर डोक्यात तेच होतं. एक शक्यता सुचते. मशीनच्या आत घड्याळासाठी एक छोटा सेल असतो. तो मेला की मशीन बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि कधीकधी मशीन वेड्यासारखं वागू लागतं. तुमचं मशीन जुनं आहे. दुरुस्तीवाल्याकडून सेल बदलून घ्या. खरं सांगते, यामुळे सॉफ्टवेअर मागे कसं जाईल हे मला पटत नाहीये, पण दुसरं काही सुचतही नाही.

आणि संध्याकाळी नवं साल दिसतं तेव्हा फोननं त्याचा फोटो काढून ठेवा.

भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सेल बदलला. दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडून आतली धूळ काढली आणि ‘आता विमानासारखं पळेल’ म्हणाला. विमान संध्याकाळी उडालं आणि सकाळी जागच्या जागी उभं.

फोटो पाठवतोय. बघ, नवं साल स्पष्ट दिसतंय. दुसरा फोटो आज सकाळचा. जुनं साल, तेही स्पष्ट. महिना सरत आला. बाईंनी काल विचारलं, ‘आपल्याला जमणार नसेल तर तसं सांगा, आम्ही व्यवस्था करतो.’ व्यवस्था म्हणजे काय ते मला समजतं. दोन दिवस थांबा म्हणालो.

मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

फोटो पाहिले आणि खूप विचार केला. मामा, मशीन आपण होऊन मागे जात नाही. कुणीतरी जुनं परत टाकल्याशिवाय असं होणं शक्यच नाही. आणि तुमच्याशिवाय त्या मशीनला कुणी हात लावत नाही, हे तुम्हीच सांगता.

एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही हे मुद्दाम तर करत नाही? मला पत्र लिहायला कारण हवं म्हणून? मी तिकडून निघाले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, पण दुकान मी चालवावं अशी तुमची इच्छा होती हे मला माहीत होतं. मी इकडे आल्याला आता किती वर्षं झाली. तुम्हाला माझी आठवण येत असेल तर तसं सरळ लिहा ना. मी रोज लिहीन. त्यासाठी कामाशी खेळू नका.

भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला.

ज्या कामावर घर चाललंय ते मी भाचीचं पत्र यावं म्हणून पणाला लावीन? मला इतका पोरकट समजतेस? तुझी आठवण येते, ती मी वेळोवेळी मामीपाशी बोलतो. त्यासाठी सॉफ्टवेअर उलटंपालटं करायची मला गरज नाही.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र भीती वाटली. कुणीतरी जुनं परत टाकतंय, असं तू लिहिलंस. मशीनला हात लावणारा मी एकटा. मग मीच टाकत असणार, आणि ते मला आठवत नसणार. ते फोटो तुझ्यासाठी काढले नव्हते गं, माझ्यासाठीच काढले. मी खरंच पाहिलं होतं की नाही याचा मला पुरावा हवा होता. माझ्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. एकच दार दहादा लावायचे आणि लावलंच नाही म्हणायचे. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. तुला लिहितोय, कारण तू लांब आहेस.

बाईंना उद्या कळवीन की जमत नाही.

मामा

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामीचे आशीर्वाद.

तू जेवतेस ना वेळेवर? फोनवर ‘हो’ म्हणतेस पण आवाजावरून वाटत नाही. आज लिहितेय ते एका कामासाठी. मशीनमधलं मला फोनवर कळत नाही, तू लिहून दिलंस की एकेक ओळ वाचून करता येतं.

तू जाताना मला ती काळी डिस्क दिली होतीस बघ, ‘मामी, काही बिघडलं तर यातलं जुळणीचं फोल्डर उचलून मशीनमध्ये टाक, सगळं होतं तसं होईल’ म्हणून. कसं टाकायचं ते कागदावर लिहूनही दिलं होतंस. तर ती डिस्क अलीकडे कटकट आवाज करते आणि वेळ फार लावते. पूर्वी मी केर काढेपर्यंत व्हायचं, आता केर काढून, पुसून, कुलूप शोधून झालं तरी चालूच. डिस्क बदलायची का?

तू म्हणशील रोज कशाला टाकतेस. अगं, बिघडायची वाट कशाला बघायची? मी या घरात आले तेव्हा छापखाना होता, अक्षरांचे शिशाचे खिळे होते. सासरे सांगायचे, दिवसभर काय हवी ती जुळवाजुळव करा, पण संध्याकाळी प्रत्येक खिळा आपापल्या खणात गेल्याशिवाय दुकानाला कुलूप लावायचं नाही. खिळे गेले, मशीन आलं, पण माझी सवय काही गेली नाही. हे छापील पानं घेऊन बाहेर पडले की मी फोल्डर जागच्या जागी टाकते आणि मग कुलूप लावते. तू गेलीस तेव्हापासून एक दिवस चुकवलेलं नाही. म्हणून तर इतकी वर्षं मशीन कधी बिघडलं नाही.

बाकी ठीक. हे सध्या फार चिडचिडे झालेत. जेवताना मध्येच थांबतात आणि माझ्याकडे बघत बसतात. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणतात. तुला काही लिहिलंय का?

तुझी,
मामी

२१ फेब्रुवारी

ती. मामा, ती. मामी, दोघांना सा. न.

दोघांनी हे पत्र एकत्र बसून वाचा. मामी, तू मोठ्यानं वाच आणि मामा, तुम्ही स्क्रीनकडे बघा.

मामा, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुम्ही काहीही विसरत नाही. तुम्ही दिवसभर नवं बसवता आणि तुम्ही बाहेर पडलात की मामी त्याच्यावर जुनं टाकते. रोज. मीच दिलेल्या डिस्कवरून, मीच लिहून दिलेल्या कागदाबरहुकूम. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. यातलं कोण कोण ते तुम्ही आपसांत ठरवा, मला लहानपणी चोप मिळायचा असलं बोलल्यावर.

मामी, तुझं काही चुकलेलं नाही. फक्त आता ती डिस्क मशीनला लावू नकोस. मामा, उद्याच बसवा, आणि बाईंना नाही म्हणू नका. मुळीच म्हणू नका.

कालपरवाच्या माझ्या पत्राबद्दल काय लिहू ते सुचत नाही. मला फार वाईट वाटतंय.

भिंगरी

२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बाईंनी नमुना पास केला. ‘रेघा अगदी जागेवर आहेत’ असं त्यांनी लिहिलंय. पुढच्या वर्षाची चारही पुस्तकं आपल्याकडेच.

तुझं पत्र आलं तेव्हा मामीनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. उरलेलं मी वाचलं. मला हसू आवरेना, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं हसूनच बाहेर आलं. डोळ्यांत पाणी आलं तेही त्यातलंच असेल. ती मात्र हसली नाही. उठून आत गेली. दोन दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती. शेवटी मीच विचारलं, इतकी वर्षं रोज टाकत होतीस तर मला बोलली का नाहीस. ती म्हणाली, ‘तुम्ही केर काढल्याचं तरी मला कधी विचारलंत?’ आणि मग तिनं विचारलं, ‘तुम्हाला इतकी भीती वाटत होती तर मला बोलला का नाहीत?’

आता ठरलंय. दुकान दोघांनी मिळून बंद करायचं. छापील पानं बाइंडरचा माणूस येऊन नेतो. नवी डिस्क आणली, त्यात नवं फोल्डर भरलं. मशीनमध्ये काही बदललं की आधी तिला सांगायचं, हा नवा नियम.

माझा राग गेला. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मामा

१९ मार्च

ती. मामांस सा. न.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. मशीन बरं चाललं असेल. पुस्तकं कुठवर आली? मी मजेत आहे.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मशीन उत्तम चाललंय. दुसरं पुस्तक हातात आहे. कामाच्या रगाड्यात लिहायचं राहिलं. काळजी नसावी.

मामा

१५ एप्रिल

ती. मामांस सा. न.

एक महत्त्वाचं. आपल्या सॉफ्टवेअरसाठी तातडीची दुरुस्ती आलेली आहे. ती न टाकल्यास अपूर्णांकांच्या रेघा पुन्हा सरकू शकतात असं ऐकलं. पायऱ्या खाली लिहिल्या आहेत. लांबलचक आहे खरं, रोज थोडं थोडं करावं लागेल. रोज संध्याकाळी काय दिसतं ते मला सविस्तर लिहून कळवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुढची पायरी सांगते. अडलं तर लगेच लिहा, कितीही वाजले तरी मी जागी असते.

भिंगरी

१८ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पायऱ्या तंतोतंत केल्या. मशीन म्हणालं, ‘आपली प्रत अद्ययावत आहे. नवीन काही नाही.’ दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तेच म्हणालं. मागचा अनुभव जमेला असल्यानं मामीला विचारलं, तू काही टाकलंस का. नाही म्हणाली. बाईंना विचारलं, त्यांच्याकडे असली दुरुस्ती आलेली नाही. तिघंही गोंधळलो.

मग मामीनं तुझं पत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. म्हणाली, ‘अहो, मशीनला काही झालेलं नाही. पोरीला तिथं करमत नाहीये.’ मी म्हटलं, असं कुठं लिहिलंय? सगळीकडे मजेत आहे म्हणून लिहिते. ती म्हणाली, ‘कितीही वाजले तरी जागी असते, असं मजेत असलेलं माणूस लिहितं का?’

तेव्हा मी तुझं १९ फेब्रुवारीचं पत्र पुन्हा काढलं. रागावून वाचलं होतं, आता न रागावता वाचलं. तू मला जे विचारलं होतंस तेच आता मी तुला विचारतो, आणि तुझ्यासारखंच विचारतो. आमची आठवण येत असेल तर तसं सरळ लिही ना.

मामा

१८ एप्रिल

ती. मामा आणि ती. मामी,

दुरुस्ती वगैरे काही नव्हती. मला इथं करमत नाही. कितीतरी दिवसांपासून नाही.

रजा टाकली आहे. शनिवारी सकाळी पोचते. घरी कुणी थांबू नका, मी सरळ दुकानात येते.

भिंगरी